ऑर्डर कोण देतंय ते आधी बघ

अगं,

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला आला. मी मच्छरदाणी लावून आडवा झालो होतो, चष्मा शोधून वाचला आणि मग झोप काही आली नाही. सेमिनारला डिबेट आहे, शस्त्रउद्योगाचं धोरण ज्या त्या देशाने आपापलं ठरवावं की युरोपने मिळून, तुझ्या वाट्याला "मिळून" आलंय आणि तू लिहितेस, काका टेन्शन नाही, आकडे सगळे माझ्याच बाजूने आहेत. झोप उडाली ती या शेवटच्या वाक्याने.

मी ब्रसेल्स, म्हणजे जिथून युरोपियन युनियनचा कारभार चालतो ते शहर, पाहिलेलं नाही हे आधीच सांगतो. ३१ वर्षं तोफगोळ्याची पोकळ बॉडी बनवणाऱ्या कारखान्यात घालवली, त्यातली शेवटची ११ प्लॅनिंगला, आणि रिटायर झाल्यावर तुझी काकू म्हणते तसं नको ते वाचायचं व्यसन लागलं. धोरणाची भाषा मला तुझ्याइतकी येत नाही, पण गोळा कुठे अडतो ते माहितीये.

आधी तुझे आकडे. इटलीचे माजी पंतप्रधान द्रागी यांच्या २०२४ च्या रिपोर्टमधला तू घेतलायस, २०२२ च्या मध्यापासून वर्षभरात युरोपियन युनियनच्या देशांनी शस्त्रखरेदीत ७५ अब्ज युरो घातले आणि त्यातले ७८ टक्के युनियनच्या बाहेर गेले, एकट्या अमेरिकेला ६३. जबरदस्त आहे, ऐकणारा गप्प होतो. पण समोर कोणी अभ्यास करून आलेला असेल तर तो लंडनच्या आयआयएसएस या संरक्षणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा पेपर काढेल, त्यात फेब्रुवारी २०२२ ते सप्टेंबर २०२४ चा हिशेब आहे आणि तिथे निदान ५२ टक्के पैसा युरोपियन मालावर गेलाय, अमेरिकेच्या मालावर ३४. मग तू काय करणार? खोटं दोघंही बोलत नाहीयेत. एकाने युनियनचे देश धरले, दुसऱ्याने नाटोतले युरोपियन देश, म्हणजे ब्रिटन आणि नॉर्वे आत आले, शिवाय काळ वेगळा. लग्नाच्या खर्चाचा हिशेब मुलीकडचे एक सांगतात आणि मुलाकडचे दुसरा सांगतात, मांडव तोच असतो. दोन्ही आकडे तूच आधी सांगून टाक, म्हणजे समोरच्याच्या हातात काही उरत नाही.

आणि यातूनच पुढचा प्रश्न येतो, जो तुझ्या ड्राफ्टमध्ये कुठेच नाही. तू बारा वेळा "युरोप" लिहिलंयस (मोजले मी, झोप नव्हतीच). कुठला युरोप गं? २७ देशांचं युनियन? नाटो? की बॉनला ऑफिस असलेली ती ओकार नावाची, शस्त्रांचे एकत्र प्रकल्प चालवणारी संस्था, जी फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटन यांनी १९९६ ला मिळून काढली, ज्यात ब्रिटन ब्रेक्झिटनंतरही आहे? यातलं एकेक बदललं की तुझं "मिळून" बदलतं.

कायद्याचं फार ताणू नकोस, डिबेटला आलेली पोरं कलमांचे नंबर ऐकून मोबाईल काढतात. पण दोन गोष्टी पक्क्या ठेव. युनियनच्या करारातलं कलम ३४६. देशाच्या मूलभूत सुरक्षेसाठी गरज असेल तर शस्त्रांच्या उत्पादनात आणि व्यापारात सरकार युनियनचे बाजाराचे नियम बाजूला ठेवू शकतं, ही पळवाट १९५७ च्या रोमच्या करारापासून आहे, आणि ती कुठल्या मालाला लागू याची यादी १९५८ ची. त्याच्या थोडं आधी, ३० ऑगस्ट १९५४ ला, सगळ्यांची मिळून एक युरोपियन सेना करायचा करार फ्रान्सच्याच संसदेने पाडला होता, कल्पनाही फ्रान्सचीच होती हे विशेष. दुसरी गोष्ट, युनियनच्या बजेटमधून लष्करी मोहिमांचा खर्च करता येत नाही. मग ब्रसेल्स या घरात शिरलं कुठून? उद्योगाच्या दारातून. २०२३ ची दारूगोळ्याची योजना घे, तिचा पाया उद्योगाची स्पर्धाक्षमता वाढवायचं कलम आहे, संरक्षणाचं नाही. डिसेंबर २०२४ पासून लिथुआनियाचे माजी पंतप्रधान कुबिलियुस संरक्षणाचे कमिशनर आहेत, पण त्यांच्या हाताखाली एक शिपाई नाही, आहेत ते कारखान्यांच्या फायली आणि अंतराळ. तुझ्या डिबेटच्या विषयात "उद्योग" हा शब्द उगीच आलेला नाहीये, तेवढंच दार उघडं होतं.

आता गोळ्याकडे येतो, इथे मला थोडं बोलू दे.

१५५ मिलिमीटरचा गोळा साधारण ४५ किलोचा. त्याच्या तोंडाशी फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारा भाग, बसायला आतून आटे असतात. ते आटे तपासायला गेज असतं, त्याला एका बाजूला "गो" आणि दुसऱ्या बाजूला "नो-गो". गो पूर्ण फिरत आत गेला पाहिजे आणि नो-गो अडकला पाहिजे, तर माल पास, इतकं सोपं. एकदा आमच्याकडून एक लॉट पास होऊन दारू भरणाऱ्या कारखान्यात गेला आणि तिथे नापास झाला. ड्रॉइंग तेच, माप तेच. त्यांचा इन्स्पेक्टर म्हणतो गो अर्ध्यात अडकतोय, आमचा म्हणतो लोण्यासारखा जातो. फोनवर फोन, पत्रावर पत्र, महिनाभर तो लॉट ताडपत्रीखाली पडून, वर पावसाळा. शेवटी मी गेज पिशवीत घालून रात्रीच्या पॅसेंजरने गेलो आणि दोन गेज टेबलावर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा कळलं, आमचं वापरून झिजलेलं, त्यांचं नवंकोरं. आमचं झिजलेलं पण झीज मर्यादेच्या आतच होती, म्हणजे नियमाने आम्हीही बरोबर आणि तेही बरोबर. एका सरकारचे दोन कारखाने होते हे, एक झेंडा, एक ट्रेझरी. तिथे कोणाचं गेज मानायचं हे ठरायला महिना लागला.

आता हे २७ देशांवर लाव. १५५ च्या गोळ्याचं नाटोचं स्टँडर्ड आहे, तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाटोच्या लष्करी समितीचे प्रमुख अॅडमिरल बाउअर यांनी सांगितलं की १४ देशांनी त्या स्टँडर्डपासून बाजूला जायचा हक्क राखून ठेवलाय. कागदावर गोळा एकच. पण जर्मनांची पँझरहाउबित्झे, फ्रेंचांची सीझर, पोलंडची क्राब, स्लोव्हाकियाची झुझाना, स्वीडनची आर्चर, या तोफांना कोणाचा गोळा कोणाचा बारूद चालेल याचं सर्टिफिकेट प्रत्येकाचं आपापलं. युक्रेनच्या तोफखान्यातल्या पोरांना हे सगळे गोळे एकाच ट्रकमधून मिळत होते, त्यांनी काय करायचं? तुझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पॉइंट हा आहे बघ. द्रागींचे ७८ टक्के विसरलीस तरी चालेल, हा विसरू नकोस. सर्टिफिकेट एकमेकांचं मानायला नवा कारखाना लागत नाही की नवं कर्जही लागत नाही.

मार्च २०२३ मध्ये युनियनने ठरवलं की वर्षात युक्रेनला दहा लाख गोळे द्यायचे, मूळ प्रस्ताव एस्टोनियाचा. वर्ष संपलं तेव्हा जेमतेम निम्मे गेले होते. समोरचा हे तुझ्या तोंडावर मारणार, हे घ्या तुमचं "मिळून". तू शांत राहा आणि विचार, अडलं कुठे? काही देशांचा आग्रह होता की हा पैसा युरोपातल्याच कारखान्यांना मिळाला पाहिजे, आणि कारखानदार म्हणत होते की दहा वर्षांची ऑर्डर दाखवा मग प्रेस बसवतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. दोन वर्षांच्या मागणीवर फोर्जिंग प्रेस कोण टाकेल, भट्टी तापवायला लागते तशी माणसंही तापवायला लागतात, नवा ऑपरेटर हाताशी यायला वर्ष जातं. शिवाय आतला मालमसाला वेगळाच. टीएनटी बनवणारा मोठा कारखाना युनियनमध्ये एकच उरला होता, पोलंडमध्ये बिडगोशला. बारुदाला नायट्रोसेल्युलोज लागतं, ते बनतं सरकीवरच्या बारीक तंतूंपासून, आणि ते तंतू मोठ्या प्रमाणात येतात चीनमधून. आपल्या विदर्भात जिनिंगला जा, सरकीवर पांढरी लव राहते बघ, तीच. युरोपची तोफ शेवटी त्या लवेवर येऊन थांबते. (नॉर्वेत तर दारूगोळ्याच्या कंपनीचे साहेब २०२३ मध्ये म्हणाले होते की वाढवायला वीजच उरली नाही, जवळच्या डेटा सेंटरने घेतली, मांजरांचे व्हिडिओ साठवायला. काकूला वाचून दाखवलं, तिला अजून वाटतं मी बनवून सांगितलं.)

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये चेक राष्ट्राध्यक्ष पाव्हेल म्युनिकच्या परिषदेत म्हणाले, आम्ही जगभर शोधलं, १५५ चे पाच लाख आणि १२२ चे तीन लाख गोळे तयार मिळतायत, पैसे द्या. देशांनी दिले आणि गोळे गेले. आता सांग हे राष्ट्रीय की मिळून? शोधणारा एक देश, सही करणारा एक देश, पैसे अनेकांचे. तुझ्या डिबेटच्या दोन्ही खोक्यांत हे बसत नाही आणि चाललं मात्र हेच. मी या उदाहरणावर बराच वेळ घालवीन तुझ्या जागी.

पोलंडबद्दल तू जे लिहिलंयस ते काढून टाक. "पोलंडने युरोपशी गद्दारी करून कोरियाकडून रणगाडे घेतले", असं बोलायचं नसतं गं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी करार केला, १८० के-२ रणगाडे आणि २१२ के-९ तोफा, आणि डिसेंबरमध्ये, त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, पहिले १० रणगाडे आणि २४ तोफा गिडीनियाच्या बंदरात उतरल्या. चार महिने! जर्मनीचा नवीन लेपर्ड रणगाडा मागितला असता तर वर्षानुवर्षांची रांग होती. शेजारच्या घराला आग लागलीय आणि तू सांगणार की बादली आपल्याच गल्लीतल्या दुकानातून घ्या? समोरच्या बाजूचा सगळ्यात मजबूत माणूस पोलंड आहे. त्याची बाजू तूच आधी, त्याच्यापेक्षा चांगली मांड, आणि मग सांग की याच पोलंडने युनियनच्या सेफ योजनेतून सगळ्यात मोठा वाटा घेतला, १५० अब्ज युरोच्या कर्जातले ४३ अब्जांहून जास्त. ही योजना मे २०२५ ची, अट अशी की मालातल्या भागांच्या किमतीपैकी ६५ टक्के तरी युनियन, युक्रेन किंवा नॉर्वे वगैरे ठराविक शेजाऱ्यांकडचं हवं. आणि गंमत बघ, ही एकत्र खरेदीची योजना, पण तिच्यातही सुरुवातीचं वर्षभर एकट्या देशाने खरेदी केली तरी चालेल अशी सवलत ठेवावी लागली. शिवाय हे कर्ज आहे, अनुदान नाही, फेडायचं ज्याचं त्यानेच. म्हणजे मिळून काय झालं? व्याजदर. तेही कमी नाही म्हणा, ज्याची पत कमी त्याला स्वस्तात पैसा मिळाला.

विमानांचं उदाहरण तू घेणारच, सगळे घेतात, तर नीट घे. युरोफायटर हे लढाऊ विमान. ब्रिटन, जर्मनी, इटली, स्पेन. डावा पंख इटलीत बनतो, उजवा स्पेनमध्ये, आणि विमान जुळवायच्या लाइनी चार, चारही देशांत एकेक, कारण प्रत्येकाला आपल्या मतदारांना फॅक्टरी दाखवायचीय. जितका पैसा घातला तितकं काम परत आलं पाहिजे, हा हिशेब. चार भावांनी मिळून एक ट्रॅक्टर घ्यायचा आणि चौघांच्या दारात त्याचं गॅरेज बांधायचं. ए४००एम हे मालवाहू विमान, २००३ चा करार, सात देश, १८० विमानं, इंजिन कॅनडाचं स्वस्तात मिळत होतं तर राजकारण्यांनी म्हटलं युरोपियनच हवं, मग चार कंपन्यांनी मिळून नवीन इंजिन काढलं आणि पहिलं विमान फ्रान्सच्या हातात पडलं २०१३ ला, मध्ये देशांना वरून साडेतीन अब्ज युरोंचा आधार द्यावा लागला. एनएच-९० हेलिकॉप्टर एकच, पण प्रत्येक देशाला आपापला बदल हवा म्हणून त्याचे वीसहून जास्त प्रकार झाले, आणि २०२२ मध्ये नॉर्वेने मागवलेल्या १४ पैकी आलेली सगळी परत घ्या पैसे द्या म्हणून सांगितलं. याच्या उलट फ्रान्स १९८५ ला युरोफायटरमधून उठून गेला आणि एकट्याने राफेल काढलं. तीच राफेल २०२० च्या जुलैत आपल्या अंबाल्याला उतरली, टीव्हीवर दिवसभर तेच होतं, आठवतंय ना. समोरचा म्हणेल, बघा, एकटा गेला तो जिंकला.

इथे माझ्यातर्फे तुला एक हुकमी पान देतो. त्या राफेलला जे मिटिऑर क्षेपणास्त्र लावतात ते कोणाचं? ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन, स्वीडन, सहा देशांचं. एकट्याचं विमान, सहाजणांचं क्षेपणास्त्र. मग मिटिऑर का जमलं आणि हेलिकॉप्टर का फसलं? मी यावर बरेच दिवस डोकं खाजवलंय, माझं मत सांगतो, पटलं तर घे. मिटिऑरमध्ये सहाही देशांच्या वतीने कॉन्ट्रॅक्ट एकट्या ब्रिटनच्या संरक्षण खात्याने सांभाळलं आणि करून द्यायची जबाबदारीही एकाच कंपनीवर होती. ऑर्डर देणारा एक, जबाब देणारा एक. फसलेल्या ठिकाणी काम वाटून घेतलं आणि मागण्या मात्र वेगवेगळ्या ठेवल्या. उलटं करायला हवं होतं, मागणी एक करायची आणि कारखाना कुठे ते किमतीवर सोडायचं. आइंडहोव्हनला हवेत इंधन भरणारी विमानं आहेत, २०१६ मध्ये नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गने मिळून सुरू केलं, मग जर्मनी, नॉर्वे, बेल्जियम, चेक आले, विमान कोणाच्याच नावावर नाही, नाटोच्या नावावर, देश फक्त उड्डाणाचे तास विकत घेतात. लक्झेंबर्गला स्वतःचं टँकर विमान कधी परवडलं असतं? आणि तू जिथे राहतेस तिथलंच उदाहरण, बेल्जियम आणि नेदरलँड्सने सुरुंग शोधायची बारा जहाजं घेतली, सहा सहा, एकच डिझाईन, खरेदी बेल्जियमने केली, आणि फ्रिगेट या युद्धनौकांची खरेदी डचांकडे दिली. दोघांचा एकमेकांवर तेवढा भरवसा बसायला किती वर्षं एकत्र आरमार चालवलंय ते बघ, १९४८ पासून. ही दोन उदाहरणं कोणी घेत नाही कारण त्यात भांडण नाही.

तेव्हा तुझी बाजू "सगळं ब्रसेल्सकडे द्या" अशी मांडू नकोस, ती पडेल आणि पडावीच. "मिळून मागा" अशी मांड. त्यातही किंमत मोजावी लागते हे लपवू नकोस. कारण शेवटचा अडथळा गेजचा नाही, लायसन्सचा आहे. २०२२ मध्ये जर्मनीला युक्रेनला गेपार्ड या विमानविरोधी तोफा द्यायच्या होत्या, त्यांच्या ३५ मिलिमीटरच्या गोळ्या स्वित्झर्लंडच्या, आणि स्विस सरकार म्हणालं आम्ही तटस्थ, पुढे देऊ नका. मग जर्मनांनी आपल्याकडे उंटरल्यूसला त्या गोळ्यांची लाइन परत उभी केली. तसंच जर्मनीने अडवलं म्हणून युरोफायटरची सौदीला विक्री कित्येक वर्षं थांबली होती. फ्रान्सला या सगळ्याची भीती आहे आणि ती खोटी नाही, चौघांनी मिळून बनवलं की चौघांचा नकाराधिकार त्यात येतो. याला माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्याकडेही नसेल तर तसं सरळ म्हण, परीक्षकांना ते आवडतं, आणि नाही आवडलं तरी चालेल.

आणि "राष्ट्रीय" म्हणणाऱ्यांना एक प्रश्न ठेवून दे. बेल्जियममध्ये शस्त्र निर्यातीचं लायसन्स कोण देतं? देश नाही देत. २००३ पासून ते प्रांतांकडे आहे, वालोनिया वेगळं, फ्लँडर्स वेगळं. लिएजजवळच्या एर्स्तालला तो जुना बंदुकांचा कारखाना आहे, एफएन, त्याची मालकी वालोनिया सरकारची आणि त्याच्या निर्यातीवर सही करणारंही वालोनिया सरकार. मालक तोच, परवाना देणारा तोच. बेल्जियम देशाला या विषयात किती आवाज आहे हे समोरच्याला विचार आणि पाणी पी, घाई करू नकोस.

तुझ्या लुव्हेनहून लिएज तासाच्या आत आहे म्हणतात. डिबेटच्या आधी एखाद्या शनिवारी जाऊन ये, कारखान्यात सोडणार नाहीत, पण गावात चहा-कॉफी घे, शिफ्ट सुटताना गेटसमोर उभी राहा, किती माणसं बाहेर येतात, वय काय, तरुण पोरं दिसतात की सगळे माझ्यासारखे, ते बघ. फोटो काढायचे तर विचारून काढ, शस्त्राच्या कारखान्यापुढे मोबाईल वर केला की जगात कुठेही वॉचमन धावत येतो, आमचा तर शिट्टी वाजवायचा.

ड्राफ्ट शुक्रवारपर्यंत पाठव. पीडीएफ नको, मोबाईलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

काका